नव्या आवृत्तीचा मुहूर्त आम्हाला काढू द्या

प्रति,
सॉफ्टवेअर कंपन्यांतील उत्पादनप्रमुख, डिझायनर आणि नवी आवृत्ती कधी सोडायची हे ठरवणारी सर्व मंडळी यांस,

स. न. वि. वि.

बडोद्यात रावपुऱ्याच्या आतल्या बाजूला आमचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेश मंडळांच्या पावत्या आणि अहवाल, वास्तुशांतीची निमंत्रणं, कुणाच्या आजोबांच्या पंचाहत्तरीची पुस्तिका, असं सगळं काम चालतं. बऱ्याचशा पत्रिका दोन भाषांत निघतात, डावीकडे मराठी, उजवीकडे गुजराती, कारण मुलगी दांडिया बाजारातल्या मराठी घरातली आणि मुलगा नडियादचा गुजराती हे आता सर्रास झालं आहे. हे सारं तुमच्याच सॉफ्टवेअरवर चालतं. दुकानाचं शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत तुमचा पडदा आमच्यासमोर असतो. तुमच्या कचेरीत बसून हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपेक्षा आम्ही ते जास्त वापरतो, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. त्या हक्काने हे पत्र.

बदल करू नका, असं मला सांगायचं नाही. छापखान्यात वाढलेल्या माणसाने बदलाविरुद्ध बोलावं तरी कसं? शिशाचे खिळे गेले, ऑफसेट आलं, निगेटिव्ह गेल्या, आता डिजिटल मशीन शेजारच्या खोलीत घरघरतंय. मागणी एकच आहे: बदल कोणत्या दिवशी अंगावर घ्यायचा, हे वापरणाऱ्याला ठरवू द्या. पुढे जे काही लिहिलं आहे ते या मागणीच्याच पोटातलं आहे.

मार्गशीर्ष म्हणजे आमची ऐन लग्नसराई. आमच्याकडे पत्रिका जुळवणाऱ्या ताई आहेत. त्यांच्यासारखीचं काम तुम्ही कधी शेजारी उभं राहून पाहिलं आहे का? डाव्या हाताची करंगळी कंट्रोलवर, उजवा हात माउसवर, आणि डोळे मात्र पडद्यावर नसतात. ते असतात शेजारी चिमट्यात अडकवलेल्या कागदावर. त्या कागदावर मुलीच्या आत्याने खाडाखोड करून लिहिलेली नावं असतात. 'चि. सौ. कां.' कुठे, 'कै.' कुणाच्या नावाआधी, कुठल्या काकांचं नाव राहिलं तर ऐन लग्नात रुसवा होईल, सगळं ध्यान तिकडे. हात आपले चालत असतात.

अशाच एका सकाळी आमचं एक सॉफ्टवेअर रात्रीतून बदललेलं निघालं. कुठलं, ते सांगत नाही. उद्या दुसरं कुठलंही असू शकेल. ताईंनी पीडीएफ काढायच्या कळा दाबल्या आणि पाठोपाठ एंटर. आजवर त्या एंटरसरशी फाइल प्रिंटरच्या फोल्डरात जाऊन पडत असे. आता मध्ये एक नवी चौकट आली होती आणि तिच्यातलं निळं, आधीच निवडून ठेवलेलं बटण होतं ऑनलाइन शेअर करण्याचं. डोळे कागदावर असल्याने चौकट आली कधी आणि गेली कधी, ताईंना पत्ताच नाही. फाइल कंपनीच्या सर्व्हरवर चढत बसली. इकडे मशीनवरच्या मुलाने रोजच्यासारखं फोल्डर उघडलं, त्यात पडलेलं आदल्या संध्याकाळचं प्रूफ उचललं आणि छापायला घेतलं. त्या प्रुफात मुलाच्या आजोबांचं नाव चुकलेलं होतं. हातकागदाचा चांगला गठ्ठा वाया गेला, आणि गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

त्या दिवशी ताई फार खजील झाल्या. मी त्यांना सांगितलं आणि तुम्हालाही सांगते, त्यांनी वावगं काही केलंच नव्हतं. वर्षानुवर्षं जे बरोबर होतं तेच त्यांनी केलं. फक्त रात्री कुणीतरी 'बरोबर' या गोष्टीची जागा हलवली होती.

तुमच्या लेखी हा किरकोळ बदल. एका चौकटीत एक बटण वाढलं, एवढंच. नव्या आवृत्तीबरोबर येणाऱ्या टिपणात त्याचा उल्लेखही नव्हता. तिथे नेहमीचं ठरीव वाक्य होतं, त्रुटी दुरुस्त केल्या आणि वेग सुधारला.

माझे वडील खिळाजुळारी होते, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर जुळवून मजकूर उभा करणारे. देवनागरीला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खिळे लागायचे, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार, त्यामुळे केसमधले, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतले, खणही तितकेच जास्त. मजकुरावरची नजर न काढता वडिलांचा हात नेमका 'ष्ट'च्या खणात जायचा. एखाद्या मालकाने रात्री ते खण इकडचे तिकडे करून सकाळी सांगितलं असतं की, बघा, आता किती सुटसुटीत झालंय, तर जुळाऱ्यांनी कंपोझिंगची स्टिक त्याच्याच हातात ठेवून म्हटलं असतं, शेठ, आजचं तुम्हीच जुळवा. आम्हाला तुमच्या हातात काही ठेवता येत नाही. आम्हाला फार तर एक ते पाच तारे देता येतात.

हाताला असतं ते ज्ञान तोंडी सांगता येत नाही, ही गंमत तुम्हीही करून पाहा. ताईंना विचारलं की गुजराती 'ळ' कुठल्या कळेवर आहे, तर त्या उत्तर देण्याआधी हवेत बोटं हलवतात आणि मग बोटाकडे बघून सांगतात. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी सराईत टाइप करणाऱ्यांना कोरा कीबोर्ड देऊन अक्षरं भरायला सांगितलं होतं, तेव्हा त्यांनाही ती धड भरता आली नव्हती. म्हणून जुन्या वापरकर्त्याला नवी मांडणी समजावणारा लहानसा व्हिडिओ दाखवला की काम झालं, असं नसतं. व्हिडिओ डोळ्यांना कळतो. बोटांना तो दिसत नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी बंगळूर-पुण्याच्या काचेच्या इमारतींतून सहसा दिसत नसावी. आमच्यासारख्या दुकानांतून काम करणाऱ्या पुष्कळांना इंग्रजी अडखळत येतं. ताई मराठी आणि गुजराती उत्तम वाचतात. पण मेनूतले इंग्रजी शब्द त्या वाचत नाहीत, ओळखतात. वरून तिसरी ओळ, ज्याच्या पुढे छोटा बाण आहे ती. डावीकडून दुसरं चित्र, कात्रीच्या शेजारचं. ज्याला इंग्रजी सहज वाचता येतं, त्याचं बटण हलवलं तर तो ते चार ठिकाणी वाचत वाचत शोधून काढतो. ज्याच्यासाठी जागा हेच नाव आहे, त्याचं बटण हलवलं की ते हरवलंच. आणि नावाच्या जागी नुसतं चित्र ठेवलंत, तर ओळखीची उरलीसुरली खूणही जाते.

आमच्या दुकानात एक जाड वही आहे. पिढीजातच म्हणा ना. कुणी नवीन मुलगा आला की तो त्या वहीतून शिकतो, आणि शिकता शिकता तिच्यात भर घालतो. 'फोटोची पांढरी कडा काढणे', 'दुरंगी बिलबुक, नंबरिंगसह', 'जुना गुजराती फॉन्ट उघडला नाही तर', अशी मथळ्यांची रांग. प्रत्येकाखाली बाणांनी जोडलेल्या पायऱ्या, काही ठिकाणी पडद्याच्या कोपऱ्याचं पेनाने काढलेलं चित्र, मार्जिनमध्ये चहाचे डाग. तुमची मोठी आवृत्ती आली की या वहीची पानंच्या पानं एका रात्रीत निकामी होतात. तुमच्या हिशेबात ही वही कुठेच नसते, कारण ती तुमच्या सर्व्हरला काही कळवत नाही. पण आमच्या लहान धंद्यांत खरं प्रशिक्षण याच वह्यांवर झालेलं आहे, आणि त्याचा खर्च तुम्हाला एक रुपयाही आलेला नाही.

यावर तुमच्याकडून नेहमी एक उत्तर येतं: सुरुवातीला लोक कुरकुर करतात, मग सवय होते. खरं आहे, होते. पण सवय होईपर्यंतचे जे दिवस जातात त्यांचं बिल कोण भरतं? ते आमच्या वाट्याला येतं, आणि तेही दिवस तुम्ही निवडलेले असतात. तुमच्या आलेखावर काही आठवड्यांनी तक्रारी ओसरलेल्या दिसतात, आणि तुम्ही त्याला पसंती समजता. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना कोण अभिप्रायाचा फॉर्म भरत बसेल?

तुमच्याच क्षेत्राचा इतिहास मी सांगायची गरज नाही, पण दोन-तीन गोष्टींची आठवण करून देते.

मायक्रोसॉफ्टचं ऑफिस २००७ आलं तेव्हा वर्ड-एक्सेलमधले जुने मेनू काढून त्या जागी रिबन, म्हणजे बटणांची आडवी पट्टी, बसवली गेली. जुने मेनू परत आणण्याचं बटण दिलं नव्हतं, आणि ते परत आणून देणारी छोटी सॉफ्टवेअरं विकून इतर लोकांनी धंदा केला. पण त्याच बदलात एक फार शहाणपणाची गोष्टही होती, जिचं कौतुक कुणी केलेलं मी ऐकलं नाही. जुन्या मेनूंच्या कळा त्यांनी चालू ठेवल्या. एक्सेलमध्ये ऑल्ट, मग ई, मग एस दाबलं की आजही पेस्ट स्पेशलची चौकट उघडते. ई ज्याच्यासाठी होता तो एडिट मेनू केव्हाच गेला, पण बोटांना त्याच्या जाण्याची वार्ता नाही. डोळ्यांसाठी नवं घर बांधा आणि बोटांसाठी जुनी वाट ठेवा, हे करता येतं, याचा हा चांगला दाखला.

त्याच कंपनीच्या विंडोज ८ची कथा उलटी. १९९५पासून लोक पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण दाबत आले होते. ऑक्टोबर २०१२मध्ये ते काढून टाकलं. वर्षभरात, ८.१ या आवृत्तीत, बटण परत आलं, आणि मेनू पुरता परत यायला जुलै २०१५मधलं विंडोज १० उजाडावं लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीलाही कोपऱ्यातल्या एका बटणासाठी पाऊल मागे घ्यावं लागलं, यात आम्हा लहान माणसांना थोडा आसुरी आनंद झाला होता, हे लपवत नाही.

आणि आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असलेली शिफ्टची कळ. फोटोशॉपमध्ये फोटो लहान-मोठा करताना त्याचं प्रमाण बिघडू नये म्हणून शिफ्ट दाबून धरायची, हे आम्ही सगळे शिकलो. नवरदेवाचा चेहरा चपटा व्हायला नको, म्हणून शिफ्ट. ऑक्टोबर २०१८च्या आवृत्तीत हे बरोबर उलटं झालं. शिफ्टशिवाय प्रमाण टिकू लागलं आणि शिफ्ट धरली की बिघडू लागलं. नवख्यासाठी ही नवी रीत जास्त बरी आहे, मला पटतं. पण ज्यांनी जपून काम करायची सवय लावून घेतली होती, नेमक्या त्यांच्याच हातून चेहरे चपटे व्हायला लागले. त्याच आवृत्तीत, केलेलं मागे घ्यायचं कंट्रोल-झेडही बदललं, मात्र त्यासाठी जुनी पद्धत निवडायची सोय सुरुवातीपासून होती. शिफ्टसाठी पहिल्यांदा एक मजकुराची फाइल हाताने बनवून ठरलेल्या फोल्डरात ठेवावी लागे, सेटिंगमधली साधी खूण पुढे आली. एकाच आवृत्तीत एका कळेसाठी दार उघडं आणि दुसरीसाठी खिडकीतून उडी मारा, असं का, ते तुम्हीच जाणे.

नीट केलेल्या कामाची उदाहरणंही आमच्याच टेबलावर आहेत. पानं मांडायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली आणि तीच शेवटची ठरली. त्याच कंपनीला लोकांना आपल्या नव्या इनडिझाइनकडे न्यायचं होतं, तर तिने इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या कळांचा तयार संच देऊन ठेवला. प्रतिस्पर्धी असलेल्या क्वार्कच्या कळांचाही दिला. म्हणजे सॉफ्टवेअर नवं, पण येताना तुमचे हात घेऊन या, असं आमंत्रण. मराठी सॉफ्टवेअरवाल्यांनी तर हे फार आधीपासून केलं आहे. सरकारने १९८६ साली इनस्क्रिप्ट नावाची कीबोर्डची तर्कशुद्ध मांडणी आणली, एका बाजूला स्वर, दुसऱ्या बाजूला व्यंजनं. तरी टाइपरायटरवर शिकलेल्यांसाठी रेमिंग्टनची मांडणी शेजारी ठेवली गेली. टाइपरायटर भंगारात गेले, त्यांच्यावर घडलेली बोटं अजून कामाला आहेत, आणि त्यांना कुणी 'आधुनिक व्हा' असा उपदेश केला नाही. आमचा हिशेब लिहिणारे भाऊ टॅलीवाले. तिथे २०२०मध्ये नवी आवृत्ती आली, पडद्याचा तोंडवळा बदलला, पण विक्रीला एफ-८ आणि खरेदीला एफ-९ तसंच राहिलं. भाऊ एक दिवस कुरकुरले आणि कामाला लागले.

पण मला सगळ्यात आवडणारा दाखला कॉम्प्युटरच्या आधीचा आहे. १ एप्रिल १९५७ला आपल्या देशाने रुपयाचा चेहरामोहरा बदलला. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब गेला आणि शंभर नवे पैसे आले. वापरकर्ते किती? अख्खा देश, आणि त्यातल्या बहुसंख्यांना वाचता येत नव्हतं. कायदा आधी, १९५५ साली झाला. तारीख जाहीर होती. नवी नाणी आली त्या दिवशी जुनी रद्द झाली नाहीत, दोन्ही बरोबरीने चालली. नव्या नाण्यावर 'रुपये का सौवाँ भाग' असं छापलं होतं, म्हणजे नव्या वस्तूचं जुन्याशी नातं त्या वस्तूवरच लिहिलेलं. आणि जुन्या पैशाशी घोळ होऊ नये म्हणून 'नया पैसा' हे नाव १९६४पर्यंत ठेवलं, मग 'नया' काढून टाकला. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, त्यामुळे मोडीवरून दुकानादुकानांतून हुज्जत झाली असणारच. पण पहाटे उठल्यावर खिशातला आणा नाहीसा झालाय, असं कुणाच्या नशिबी आलं नाही.

आणि हे पत्र बडोद्याहून जातंय, तर सयाजीरावांचं नाव घेतल्याशिवाय कसं राहू? प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं हे महाराजांच्या मनात होतं. हुकूम काढायला त्यांना कुणी अडवणार नव्हतं, संस्थान त्यांचं. तरी त्यांनी १८९३ साली ते आधी अमरेलीकडच्या भागात प्रयोग म्हणून सुरू केलं आणि सगळ्या संस्थानात लागू केलं ते १९०६ साली. मध्ये तेरा वर्षं. सगळी सत्ता हातात असलेल्या माणसाने दाखवलेला हा धीर आहे. तुम्हीही नवी आवृत्ती आधी थोड्यांना देता, मला माहीत आहे. पण ते थोडे कोण, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. आमच्या दुकानात एका मशीनवर नवा पडदा, शेजारच्यावर जुना, आणि ताई दिवसभर दोन्हींमध्ये येरझाऱ्या घालताहेत, असं झालेलं आहे. प्रयोगात सामील करून घेण्याआधी विचारायला काय हरकत आहे?

आता एक गंभीर गोष्ट. सुरक्षेची दुरुस्ती आणि रंगसफेदी एकाच पुडीत बांधून पाठवणं बंद करा. छिद्र बुजवायचं असेल तर आजच्या आज बुजवा, आमची ना नाही. पण प्रत्येक वेळी त्या पुडीतून एखादं बटण हललेलं निघालं, की माणूस पुडीच नाकारायला शिकतो. आमच्या बाजारात असे किती तरी जण मला माहीत आहेत, ज्यांनी कुणातरी पोराकडून अपडेट कायमचं बंद करून घेतलं आहे. विंडोज ७ला मिळणारा सुरक्षेचा आधार जानेवारी २०२०मध्ये संपला, तरी त्यावर काम करणारी मशीनं अजून गल्लोगल्ली आहेत. त्यांना आळशी म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे त्यांना हॅकरपेक्षा तुमची भीती जास्त वाटते. आमच्याकडेही एक जुनं मशीन आहे, नेटची वायर काढून टाकलेलं. जुन्या फॉन्टमधल्या पेजमेकरच्या फाइली त्यावरच उघडतात, कारण पेजमेकरला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची आजची समान पद्धत, ठाऊकच नाही. त्या मशीनवर एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'याला हात लावू नये.'

पूर्वी आम्ही सीडी विकत घ्यायचो. नवी आवृत्ती नको असेल तर जुनी सीडी कपाटात असायची, आणि नवी घ्यायची की नाही हे आमच्या पाकिटावर ठरायचं. आता भाडं आहे. दर महिन्याला पैसे भरतो, आणि बदल नाकारायचा म्हटलं तर सॉफ्टवेअरच सोडावं लागतं. भाडेकरूच्या घरात मालकाने रात्री शिरून चूल हलवू नये, एवढी रीत तर भाड्याच्या घरातही असते.

तुमची अडचण मला कळते. दोन पडदे सांभाळायचे म्हणजे दुप्पट तपासणी, दुप्पट चुका, दुप्पट पगार. जन्मभर जुनं चालू ठेवा, असं मी म्हणत नाही. आणि नव्या पडद्याचे फायदे मला दिसतात. आमच्याकडे नुकताच लागलेला मुलगा जुन्या चौकटी पाहून बावचळतो, नव्या पडद्यावर तासाभरात पत्रिका उभी करतो. त्याच्यासाठी नवंच असू द्या. तुमच्यातले काही जण आमच्याच गावच्या फाइन आर्ट्समधून शिकून गेलेले असतील, तुमच्या नजरेवर माझा विश्वास आहे. प्रश्न फक्त जुन्या हातांच्या संक्रमणाचा आहे, आणि ते जमवलेल्यांची उदाहरणं आहेत. एप्रिल २०१८मध्ये जीमेलचा नवा पडदा आला तेव्हा ज्याला हवा त्याने घ्यावा आणि नको वाटला तर जुन्यावर परतावं, अशी सोय काही महिने होती. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २०२३मध्ये रूप बदललं. त्याआधी ते फ्रेंच, हिब्रू, बास्क अशा विकिपीडियांवर वापरून पाहिलं होतं, बदलावं की नाही यावर लेखकमंडळींत जाहीर चर्चा झाली होती, आणि आजही खातं असलेल्याला जुनं रूप निवडता येतं, अगदी २००४चंसुद्धा. तो डोलारा देणग्यांवर चालतो. तुम्ही तर आमच्याकडून दरमहा पैसे घेता.

मग मला नेमकं काय हवं आहे? नवी आवृत्ती तयार झाली की तसं सांगा, आमच्या भाषेत सांगा, मराठीत, गुजरातीत, हिंदीत. कुठलं बटण कुठून कुठे गेलं याचा जुना-नवा असा एक पानी तक्ता द्या, छापून भिंतीला लावता येईल असा. छापायला आमच्याकडेच या, सवलतीत करून देऊ. जुन्या कळा चालू ठेवा. जिथे एंटर दाबल्यावर पूर्वी एक व्हायचं तिथे दुसरं होऊ देऊ नका; दुसरं करायचंच असेल तर त्याला दुसरी कळ द्या. आणि 'आता करा' व 'नंतर आठवण करा' या दोन बटणांच्या शेजारी तिसरं ठेवा: तारीख निवडा. साधं कॅलेंडर. तुम्ही शेवटची मुदत घाला, सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा, त्याच्या आतली तारीख आमची.

सगळ्यांना सोयीची एकच तारीख तुम्हाला कधीच सापडणार नाही, म्हणून म्हणते. कर सल्लागारांना जुलैत आणि सप्टेंबरात हात लावायचा नाही. शाळांना जूनमध्ये नाही. मंगळ बाजारातल्या कापडवाल्यांना नवरात्रापासून दिवाळीपर्यंत नाही. आम्हाला श्रावण लागला की गणपतीची घाई, आणि तुळशीचं लग्न लागलं की, मधला महिनाभर सोडला तर, आषाढी एकादशीपर्यंत पत्रिकांची रांग. तुमच्या आर्थिक वर्षाचा तिमाही हिशेब आमच्या पंचांगात बसत नाही, आणि बसावा अशी अपेक्षाही नाही.

आमच्या दुकानापुरतं विचाराल तर दोन उत्तम काळ सांगून ठेवते. एक पितृपक्ष. दुसरा गुजरात्यांचा कमुरता, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, जेव्हा इकडे कुणी लग्नाचं नाव काढत नाही. शुभकार्याला वर्ज्य असलेले हे दिवस तुमच्या नव्या आवृत्तीला आम्ही आनंदाने देऊ. ताईंना चार दिवस शांतपणे शिकता येईल, वहीत नवी पानं लिहून होतील, मशीनवरच्या मुलाला फोल्डर कुठलं ते समजावता येईल.

या पत्राचं उत्तर मराठीत आलं तर बरं वाटेल, इंग्रजीत आलं तरी वाचून घेऊ. पण त्यात अभिप्रायाबद्दल आभार आणि तो संबंधित विभागाकडे पाठवला आहे, एवढंच असणार असेल, तर तसदी घेऊ नये.

आपली,
रावपुऱ्यातली एक छापखानावाली
बडोदे